पहिल्या रिव्हॉल्व्हरची निवड

अमेरिकेच्या पश्चिम भागावरील चित्रपट ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना एक हत्यार नांवानें ठाऊक नसलें तरी रूपानें खास ठाऊक असतें. घोडेस्वाराच्या कमरेला चामड्याच्या म्यानांत लटकणारें, वळणदार लांकडी मुठीचें, सहा गोळ्यांचें तें रिव्हॉल्व्हर होय. पडद्यावरचा नायक तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उपसतो आणि शंभर पावलांवरील शत्रूला लोळवितो. प्रत्यक्षांत असें कोणी करीत नाहीं; परंतु तें हत्यार मात्र खरें आहे. त्याला 'सिंगल-ॲक्शन' रिव्हॉल्व्हर असें म्हणतात. दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या घडणीचीं रिव्हॉल्व्हरें अमेरिकेंत आजहि नवीं तयार होतात आणि विकलीं जातात. तीं घेणारे लोक सैनिक नसतात कीं शिपाई नसतात. कोणाला सुटीच्या दिवशीं निशाण मारण्याची हौस असते, कोणी डोंगररानांत मासे पकडावयास किंवा भटकावयास जातो, कोणाचें शेत वस्तीपासून दूर असतें.

अशा मनुष्यानें आपलें पहिलें रिव्हॉल्व्हर निवडतांना काय पाहावें, हा प्रस्तुत विषय आहे. नवशिका दुकानांत शिरला म्हणजे त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो कीं, यांत सर्वांत जोरकस कोणतें? हा प्रश्न शेवटचा असावयास हवा. पहिले प्रश्न दोनच आहेत. हें हातून खालीं पडलें तर काय होईल? आणि हें वर्षभर, दर आठवड्यास, न कंटाळतां व न भितां चालविणें आपणांस झेपेल काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर बाकीच्या निवडींत थोडी चूक झाली तरी ती सुधारतां येते. पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें, तर सुधारण्यास अवसर राहीलच असें नाहीं.

प्रथम या यंत्राचा थोडा पूर्ववृत्तांत पाहणें इष्ट आहे. कारण निवडींतील निम्म्या अडचणी या इतिहासांतूनच उद्भवल्या आहेत. सॅम्युएल कोल्ट हा कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड गांवचा मुलगा. १८३० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो 'कोर्व्हो' नांवाच्या शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला. त्या सफरींत जहाजावरील चक्र फिरतें आणि ठराविक जागीं अडकतें, हें पाहून त्याला फिरत्या नळकांड्याची कल्पना सुचली व त्यानें लांकडाचा नमुना कोरला, अशी आख्यायिका आहे. १८३६ सालीं त्याला अमेरिकेंत पेटंट मिळालें. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरांत दारू आणि गोळी हीं समोरून ठासावीं लागत आणि मागें प्रत्येक घराला ठिणगीची टोपी बसवावी लागे. पुढें धातूचीं काडतुसें निघालीं. परंतु तीं मागून भरतां यावींत म्हणून आरपार पोखरलेलें सिलिंडर करण्याचा हक्क रॉलिन व्हाइट याच्या पेटंटामुळें स्मिथ अँड वेसन या कारखान्याच्या हातीं होता. तें पेटंट १८६९ सालीं संपलें, आणि कोल्टच्या कारखान्याचा मार्ग मोकळा झाला. १८७३ सालीं त्या कारखान्याचें .४५ बोअरचें रिव्हॉल्व्हर अमेरिकन लष्करानें स्वीकारलें. स्वतः कोल्ट १८६२ सालींच निवर्तला होता. चित्रपटांतून दिसतें तें हेंच रिव्हॉल्व्हर.

लष्करानें १८९२ सालीं दुसऱ्या, अधिक जलद जातीचें रिव्हॉल्व्हर घेतलें. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं कोल्टच्या कारखान्यानें आपलें हें जुनें अपत्य करणेंच बंद केलें. आतां ही जात संपली असें वाटत असतांना अमेरिकेंत दूरचित्रवाणी आली, घरोघरीं घोडेस्वारांच्या कथा दिसूं लागल्या, आणि लोक दुकानांत जाऊन तसलें रिव्हॉल्व्हर मागूं लागले. विल्यम रूगर यांच्या कारखान्यानें १९५३ सालीं .२२ बोअरचें 'सिंगल-सिक्स' बाजारांत आणलें. जुन्या रिव्हॉल्व्हरांतील चपट्या कमानी वारंवार मोडत. रूगर यांनीं त्यांच्या जागीं तारेच्या वेटोळ्या स्प्रिंगा घातल्या. कोल्टनेंहि १९५६ सालीं पुन्हां उत्पादन सुरू केलें. पुढें इटलींतील कारखाने जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब नकला करूं लागले. म्हणून आज दुकानांतील कांचेच्या पेटींत एकाच रूपाचीं, पण पोटांत अगदीं भिन्न रचना असलेलीं रिव्हॉल्व्हरें शेजारीं शेजारीं पडलेलीं असतात. नवशिक्याची फसगत होते ती येथें.

आतां यंत्र चालतें कसें तें पाहूं गेल्यास रचना अगदीं साधी आहे. पुढें नळी; तिच्यामागें सिलिंडर, म्हणजे सहा घरांचें फिरतें नळकांडें; त्याच्यामागें घोडा; आणि खालीं चाप. अंगठ्यानें घोडा मागें ओढून चढविला, कीं सिलिंडर एक घर पुढें सरकतें आणि नवें काडतूस नळीच्या बरोबर मागें येऊन अडकतें. बोटानें चाप दाबला, कीं घोडा पडतो आणि गोळी सुटते. चापाला घोडा पाडण्याचें एकच काम असतें, म्हणून याचें नांव सिंगल-ॲक्शन. दुसऱ्या जातींत चाप ओढण्यानेंच घोडा चढतोहि आणि पडतोहि. तिला डबल-ॲक्शन म्हणतात. तिच्यांत गोळ्या भराभर सुटतात, पण चाप लांब आणि जड असतो. सिंगल-ॲक्शनचा चाप हलका व आंखूड असतो. त्यामुळें नेम हलत नाहीं. भरण्याचें काम मात्र सावकाशीचें आहे. उजव्या बाजूची लहानशी झडप उघडून एकेक काडतूस एकेका घरांत सारावें लागतें, आणि रिकामीं पुंगळीं एकेक करून दांडीनें बाहेर ढकलावीं लागतात.

हा सावकाशपणा दोष आहे कीं गुण, हें वापरणाराच्या हेतूवर अवलंबून आहे. रणांगणावर तो दोषच ठरला. परंतु शिकणाऱ्याच्या हातांत तोच गुण होतो. प्रत्येक गोळीसाठीं घोडा बुद्धिपुरस्सर चढवावा लागतो. म्हणजे प्रत्येक गोळी हा एक स्वतंत्र निश्चय असतो. सहा गोळ्या संपल्या कीं थांबावें लागतें, आणि त्या थांबण्यांत चुकलेल्या नेमाचा विचार होतो. ज्याला शिकावयाचें आहे, त्याला घाईपेक्षां असा विसावा अधिक उपयोगी पडतो.

आतां पहिला प्रश्न. १८७३ च्या मूळ रचनेंत घोड्याच्या टोंकालाच एक टोंचणी असते. घोडा खालीं उतरलेला असतांना ती टोंचणी समोरच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेली राहते. अशा स्थितींत रिव्हॉल्व्हर हातून निसटून घोड्याच्या बाजूनें दगडावर आपटलें, किंवा घोड्याच्या खोगिराची रिकीब त्यावर आदळली, तर चापाला कोणाचें बोट न लागतां गोळी सुटूं शकते. घोडा किंचित् मागें अडकवून ठेवण्यासाठीं जुन्या यंत्रांत एक खांच असते खरी. परंतु ती नाजूक असते आणि जोराच्या आघातानें मोडते. म्हणून जुन्या काळचे जाणते लोक सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरांत पांचच काडतुसें भरीत, आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवीत. त्याची रीतहि ठरलेली होती. घोडा अर्धा चढवावा, झडप उघडावी. एक घर भरावें, एक सोडावें, पुढचीं चार भरावीं. मग घोडा पूर्ण चढवून अंगठ्यानें सांभाळून खालीं उतरवावा. असें केलें म्हणजे घोड्याखालीं आपोआप रिकामें घर येतें. सहावें घर रिकामें ठेवणें हा भित्रेपणा नव्हता. ती अनुभवानें शिकविलेली शिस्त होती.

रूगर कारखान्याचीं आरंभींचीं रिव्हॉल्व्हरेंहि या बाबतींत जुन्याच वळणाचीं होतीं. अपघात घडले, कज्जे झाले. आणि १९७३ सालीं कारखान्यानें रचना बदलली. नव्या रचनेंत टोंचणी घोड्यावर नसून चौकटींत बसविलेली असते, आणि घोडा खालीं असतांना तो टोंचणीला शिवतच नाहीं. चाप पूर्णपणें मागें ओढून धरला, तरच एक पोलादी पट्टी वर सरकून घोडा व टोंचणी यांच्यामध्यें येते आणि घोड्याचा ठोका टोंचणीपर्यंत पोंचविते. चाप ओढलेला नसेल तर पट्टी खालींच राहते, आणि घोड्यावर कितीहि आघात झाला तरी तो काडतुसापर्यंत पोंचत नाहीं. या पट्टीला 'ट्रान्स्फर-बार' म्हणतात. या नव्या रचनेंत भरण्यासाठीं घोडा अर्धा चढवावा लागत नाहीं. झडप उघडली कीं सिलिंडर मोकळें होतें. जुन्या रूगर रिव्हॉल्व्हरांत सुधारलेले भाग फुकट बसवून देण्याचीहि सोय त्या कारखान्यानें केली आहे.

यावरून नवशिक्यानें दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न ठरतो: यांत ट्रान्स्फर-बार आहे काय? दोन यंत्रें बाहेरून जुळ्या भावांसारखीं दिसतात. एकांत पट्टी असते, एकांत नसते. इटालियन नकलांपैकीं ज्या मूळ रचनेशीं प्रामाणिक आहेत, त्या मूळ रचनेच्या धोक्याशींहि प्रामाणिक असतात. कांहींत निराळ्या तऱ्हेची खटकी बसविलेली असते. परंतु जी खटकी मनुष्यानें आठवणीनें लावावी लागते, ती तो कधीं तरी विसरतो. पहिल्या हत्याराची सुरक्षितता स्मरणशक्तीवर अवलंबून नसावी. आणि पट्टी असली तरीहि रानांत पांचच काडतुसें भरण्याची जुनी संवय ज्यानें लावून घेतली, त्याचें कांहींहि नुकसान होत नाहीं.

दुसरा प्रश्न झेपण्याचा, म्हणजेच बोअरचा. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. तो इंचाच्या दशांश भागांत सांगतात. बाजारांत मुख्यतः .२२, .३८, .३५७, .४४ आणि .४५ हे बोअर आढळतात. सामान्य रिव्हॉल्व्हरांतून सुटलेल्या .२२ गोळीच्या मानानें .३८ स्पेशल गोळीची शक्ति दुपटीहून अधिक, .३५७ मॅग्नमची पांचसहा पट, तर .४४ मॅग्नमची दहा पटींच्या जवळपास भरते. ही शक्ति केवळ पुढें जात नाहीं. जितकी पुढें जाते तितका धक्का मागें हाताला बसतो. .४४ मॅग्नम हें काडतूस १९५५-५६ च्या सुमारास निघालें. १९७१ सालच्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटानें त्याला घरोघरीं पोंचविलें, आणि तेव्हांपासून अनेक नवशिके तेंच मागत आले आहेत. तें घेऊन पहिल्या दिवशीं ते पांचदहा गोळ्या झाडतात आणि मग तें हत्यार कपाटांत पडून राहतें.

याचें कारण शरीरांत आहे. मोठ्या आवाजाच्या आणि धक्क्याच्या अपेक्षेनें मनुष्याचें मनगट चाप ओढण्याच्या क्षणींच दचकून खालीं दबतें, डोळे मिटतात, आणि गोळी लक्ष्याच्या खालीं जाते. ही खोड एकदां हाताला जडली कीं ती घालविण्यास महिनेच्या महिने लागतात. ती ओळखण्याची एक युक्ति आहे. .३८ किंवा त्याहून मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरांत सोबत्यानें मध्येंच एकदोन घरांत उडालेल्या पुंगळ्या घालून द्याव्या. घोडा अशा पुंगळीवर पडला असतां नळी स्थिर राहिली, तर हात चांगला; नळी खालीं झुकली, तर खोड लागली असें समजावें. पोहावयास शिकणारानें विहिरींत उतरावें, पूर आलेल्या नदींत नव्हे.

म्हणून पहिलें रिव्हॉल्व्हर .२२ बोअरचें असावें, हेंच बहुतेकांस हितावह आहे. त्याला धक्का जवळ जवळ नसतो, आवाज सोसवतो, आणि मोठ्या बोअरच्या एका काडतुसाच्या किंमतींत त्याचीं अनेक काडतुसें येतात. शिकणाराला आरंभीं कांहीं हजार गोळ्यांचा सराव लागतो. म्हणून हत्याराच्या किंमतीपेक्षां काडतुसांच्या किंमतीचा हिशेब आधीं करावा. .२२ हें पोरखेळाचें हत्यार आहे, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, ती शर्यत .२२ बोअरचीच असते. त्यांचें पिस्तूल निराळ्या जातीचें. परंतु काडतुसाची योग्यता त्यावरून दिसते. हीच .२२ ची गोळी एक मैलाहूनहि दूर जाऊं शकते, हेंहि विसरूं नये; लक्ष्यामागें मातीचा भरभक्कम बांध असल्यावांचून ती झाडूं नये.

.२२ च्या वर्गांत निवडीस वाव आहे. रूगरचें 'सिंगल-सिक्स' पोलादी व टिकाऊ आहे. त्याच्या कित्येक नमुन्यांबरोबर दुसरें एक सिलिंडर मिळतें. तें बसविलें कीं अधिक लांब व जोरकस.२२ मॅग्नम काडतूस त्याच नळींतून झाडतां येतें. त्याच कारखान्यानें २०१९ सालीं काढलेलें 'रँग्लर' हलक्या धातूच्या चौकटीचें, सुमारें ८५० ग्रॅम वजनाचें आणि किंमतीनें बरेंच कमी आहे. ट्रान्स्फर-बार त्यांतहि आहे. ज्याची मिळकत बेताची आहे त्यानें तें घ्यावें आणि वांचलेला पैसा काडतुसांत घालावा.

ज्याला एकच हत्यार ठेवावयाचें आहे आणि रानांतहि न्यावयाचें आहे, त्यानें .३५७ मॅग्नम पाहावें. हें काडतूस १९३५ सालीं निघालें. जुन्या .३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी थोडी लांब करून तें बनविलेलें असल्यामुळें .३५७ च्या रिव्हॉल्व्हरांत .३८ चीं काडतुसें निर्वेध चालतात. सरावासाठीं मृदु .३८ आणि जरुरीपुरतें .३५७, अशी दोन हत्यारांची सोय एकांत होते. उलट मात्र कधींहि करूं नये; .३८ च्या हत्यारांत .३५७ चें काडतूस घालण्याचा यत्न धोक्याचा आहे. आंखूड .३८ च्या वापरानें घरांत काजळीचें कडें जमतें. तें ब्रशानें घांसून काढलें नाहीं तर पुढें लांब काडतूस नीट बसत नाहीं. .४५ कोल्टच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी आहे. कांहीं कारखाने या बोअरचीं फार जोरकस काडतुसें विकतात. तीं केवळ जाड भिंतीच्या सिलिंडरासाठीं असतात. मूळ घडणीच्या सडपातळ रिव्हॉल्व्हरांत तीं घातल्यास सिलिंडर फुटूं शकतें. काडतुसाच्या पेटीवरील अक्षरें वाचण्याचा आळस अशा वेळीं बोटांनीं फेडावा लागतो.

यानंतर माप आणि वजन. मूळ कोल्टच्या नळ्या पावणेपांच, साडेपांच आणि साडेसात इंचांच्या असत, आणि आजहि मापें त्याच सुमाराचीं आढळतात. लांब नळीनें पुढची माशी डोळ्यापासून दूर जाते आणि नेमांतील चूक लवकर दिसते. आंखूड नळी म्यानांत व खालीं बसतांना अडत नाहीं. दोन्ही कामें ज्याला करावयाचीं आहेत त्याला साडेपांच इंच बरे. वजन पोलादी .३५७ चें सव्वा किलोच्या आंतबाहेर असतें, आणि साडेसात इंची .४४ चें त्याहूनहि अधिक. तें दुकानांत पांच मिनिटें हातांत हलकें वाटतें. दिवसभर कमरेला बांधून डोंगर चढतांना त्याचें खरें वजन कळतें. दुसरीकडे, जड हत्यार धक्का कमी करतें हेंहि खरें.

माशी आणि खांच दोन तऱ्हांच्या असतात. जुन्या नमुन्यांत खांच चौकटीवरच कोरलेली असते. ती हलत नाहीं, म्यानांत अडत नाहीं, पण काडतूस बदललें कीं गोळी निराळ्या जागीं लागते. दुसऱ्या तऱ्हेंत मागची खांच स्क्रूनें वर-खालीं व डावी-उजवी सरकवितां येते. शिकणाराला ही दुसरी बरी; आपली चूक कोणती आणि हत्याराची कोणती, हें तिच्यामुळें वेगळें करतां येतें. मूठ हातांत धरून पाहावी. अंगठा ताण न पडतां घोड्यापर्यंत पोंचला पाहिजे आणि बोटाचें पहिलें पेर चापावर सहज टेकलें पाहिजे. या जातीची वळणदार मूठ धक्क्याबरोबर तळहातांत वर वळते. तिला घट्ट आवळून अडवूं नये. आणि एक गोष्ट प्रथमदिवशींच शिकावी: सिलिंडर आणि नळी यांच्यामधील फटींतून जळता वायु बाजूंना सुटतो. बंदुकीप्रमाणें डावा हात पुढें नेऊन नळीखालीं धरल्यास बोटें भाजतात. दोन्ही हात मुठीवरच असावेत.

खेळाच्या दृष्टीनें पाहातां, या जातीच्या रिव्हॉल्व्हरांना अमेरिकेंत एक खास मैदान लाभलें आहे. 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' ही संस्था १९८७ सालीं स्थापन झाली. तिच्या शर्यतींत भाग घेणारे स्त्रीपुरुष एकोणिसाव्या शतकाचा पोशाख करतात आणि एक गंमतीचें टोपणनांव धारण करतात. प्रत्येकाजवळ दोन सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरें, एक बंदूक आणि एक छऱ्यांची बंदूक असते. पोलादी पाट्यांवर नेम मारावयाचा आणि वेळ मोजावयाचा. चुकलेल्या प्रत्येक गोळीस पांच सेकंद दंड पडतो. म्हणजे घाईची किंमत तेथें आंकड्यांत दिसते. पोशाखाची गंमत खरी, परंतु शिस्त कडक. रिव्हॉल्व्हर नव्या रचनेचें असो वा जुन्या, पांचच काडतुसें भरावयाचीं आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवावयाचा, हा नियम सर्वांना सारखा लागू आहे. या मैदानांत उतरण्याचा हेतु असल्यास .२२ तेथें चालत नाहीं; .३८ च्या मृदु काडतुसांनीं खेळतां येणारें .३५७ घेणें सोयीचें.

रानांत नेण्याच्या बाबतींत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. म्यान जाड चामड्याचें, चाप पूर्णपणें झांकणारें आणि घोड्यावर अडकणाऱ्या वादीचें असावें. उडी मारतांना किंवा वांकतांना हत्यार निसटतां कामा नये. पावसांत व घामांत निळसर पोलादाला गंज लवकर चढतो, म्हणून ओल्या प्रदेशांत राहणाऱ्यानें बिनगंजी पोलादाचें घ्यावें. ओलें चामडें गंज वाढवितें. घरीं आल्यावर हत्यार म्यानांत ठेवूं नये. अस्वलांच्या मुलुखांत रिव्हॉल्व्हर कमरेला असलें कीं निर्धास्त झालों असें समजणें ही भूल आहे. धांवत येणाऱ्या जनावरावर भीतीनें कांपणाऱ्या हातानें नेम लागणें अति कठीण. यलोस्टोनसारख्या उद्यानांत अधिकारी पांथस्थांस मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ बाळगण्याचा उपदेश करतात, तो यासाठींच. साप दिसला तर दोन पावलें मागें सरणें हा उपाय कोणत्याहि काडतुसापेक्षां स्वस्त आणि खात्रीचा आहे.

वापरलेलें हत्यार घ्यावयाचें असल्यास प्रथम झडप उघडून सहाहि घरें रिकामीं असल्याची स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करावी. दुकानदारानें खात्री केली असली तरीहि करावी. मग घोडा हळूहळू चढवावा; तो पुरा चढण्याच्या आंत सिलिंडर आपल्या जागीं अडकलें पाहिजे, आणि अडकल्यावर बोटांनीं हलवितां येतां कामा नये. ही परीक्षा सहाहि घरांवर करावी. चढलेला घोडा मागून अंगठ्यानें ढकलून पाहावा. चापाला हात न लावतां तो पडला, तर तें हत्यार तसेंच खालीं ठेवून बाहेर पडावें. नळींतून उजेडाकडे पाहिलें असतां आंतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत.

कायद्याचा विचार खरेदीच्या आधीं करावयाचा असतो, नंतर नव्हे. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें परवानाधारक दुकानदारानें रिव्हॉल्व्हर विकण्यास गिऱ्हाइकाचें वय २१ वर्षांचें ठरविलें. आणि १९९८ पासून विक्रीपूर्वीं गिऱ्हाइकाचा पूर्वेतिहास मध्यवर्ती नोंदींतून तपासला जातो. याशिवाय प्रत्येक संस्थानाचे नियम निराळे आहेत. एका संस्थानांत उघडपणें कमरेला बांधतां येणारें हत्यार सीमा ओलांडतांच गुन्ह्याचा विषय होऊं शकतें. तिकडे शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या आपल्याकडील तरुणांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें कीं, अशा परदेशस्थांना तेथील मध्यवर्ती कायद्यानें हत्यार किंवा काडतुसें बाळगण्याचीच सामान्यतः मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे थोडे अपवाद आहेत. कायमच्या रहिवाशांस ही मनाई नाहीं. मित्राचें हत्यार क्षणभर हातांत घेण्यापूर्वींहि जाणत्या वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. भारतांत १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून रिव्हॉल्व्हर बाळगतां येत नाहीं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणें हाच गुन्हा आहे. तेव्हां अमेरिकेंतील पांथस्थाची रीत सह्याद्रींतील भटक्यास लागू नाहीं.

अखेरीस, कोणतेंहि रिव्हॉल्व्हर घेतलें तरी चार नियम त्याच्याबरोबर घरीं येतात. प्रत्येक हत्यार भरलेलेंच आहे असें मानावें. ज्याचा नाश करावयाचा नाहीं त्याच्याकडे नळी वळवूं नये. नेम धरीपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवावें. लक्ष्य कोणतें आणि त्याच्या मागें काय आहे, हें आधीं पाहावें. सिंगल-ॲक्शनला पांचवाहि एक नियम आहे. घोडा चढवून झाला आणि गोळी झाडावयाची नाहीं असें ठरलें, तर तो अंगठ्यानें उतरविण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. त्याचा सराव रिकाम्या हत्यारावर पुष्कळ करावा, आणि प्रत्यक्ष उतरवितांना नळी मातीच्या बांधाकडेच असावी. कानांना बोळे आणि डोळ्यांना चष्मा हवाच; एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. घरीं हत्यार एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर.

जोरकस हत्यार कोणालाहि पैसे टाकून मिळतें. स्थिर हात मात्र दुकानांत मिळत नाहीं. म्हणून पहिलें रिव्हॉल्व्हर लहान बोअरचें, हाताला बेतशीर, आणि पडलें तरी न सुटणारें असावें. त्याच्यावर वर्ष दोन वर्षें हात बसला, म्हणजे दुसरें कोणतें घ्यावें हें कोणास विचारावें लागत नाहीं. पुष्कळांना तर असें आढळून येतें कीं, दुसऱ्याची गरजच उरलेली नाहीं.